पुरावा कुणी आणायचा?

बॉम्ब पडल्यावर जो जागेवर मरतो त्याला युद्धानं मारलं, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण बॉम्ब पडला त्या दिवशी जिच्या छातीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ होती, जिला पुढच्या आठवड्यात तपासणीला जायचं होतं, आणि पुढच्या आठवड्यात ना दवाखाना राहिला ना रस्ता, ती बाई दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी तंबूत तळमळून मेली तर तिला कुणी मारलं? युद्धानं, रोगानं, का नशिबानं? तह झाला, हस्तांदोलनं झाली, फोटो निघाले, आणि त्यानंतर ती मेली. म्हणजे शांततेच्या काळात मेली. मग मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव लिहायचं की नाही?

दोस्तहो, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असं समजून पान उलटू नका. हा नीतीचा प्रश्न आहे. मारणं म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते आपल्या सोयीनं ठरवून ठेवलंय. हत्यार दिसलं पाहिजे, रक्त दिसलं पाहिजे, मारणारा आणि मरणारा एका जागी एका वेळी सापडला पाहिजे. तर तो खून. नाहीतर ते नुसतं मरण. आपल्या लोकांची बहुतेक मरणं या दुसऱ्या खात्यावरच जमा झालेली आहेत.

वस्तीतले काही कार्यकर्ते मला म्हणतात, "इथं नळाला पाणी नाय, आन् तू गाझा-सुदानचं काय लावलंय?" त्यांना एक आठवण करून देतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं, ही परंपरेची गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर कधी रोगी बघितलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेबांचा सिद्धार्थ घर सोडतो तो शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटणाऱ्या युद्धाला त्यानं भर संघात विरोध केला म्हणून. म्हणजे पाणी आणि युद्ध हे दोन प्रश्न तिथं एकच आहेत. मला त्यात आणखी एक दिसतं. रोगी बघून निघालेला बुद्ध आणि युद्ध नाकारून निघालेला बुद्ध, या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. पण युद्धाच्या मागं थोडं लांबवर बघितलं की तो रोगी चालत येताना दिसतोच.

आता त्या गाठीचं. कर्करोग ओळखणं म्हणजे डॉक्टरनं बोटानं चाचपलं आणि सांगितलं, असं नसतं. गाठीचा तुकडा काढावा लागतो. तो फॉर्मेलिनमध्ये बुडवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथं तो मेणात बसवतात, कागदाहून कितीतरी पातळ काप काढतात, काप रंगवतात, आणि मग त्यातला जाणकार डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगतो की ही गाठ साधी की वाईट, आणि वाईट असेल तर कुठल्या जातीची. (डॉक्टरांनाही तोच शब्द सापडला, काय करणार.) मग रोग किती पसरलाय ते बघायला यंत्रं. मग औषधाच्या फेऱ्या, बऱ्याचदा दर तीन आठवड्यांनी एक. किरणं द्यायची तर आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे. या सगळ्या साखळीत वीज आहे, रस्ता आहे, गाडी आहे, यंत्र दुरुस्त करणारा माणूस आहे, रक्तपेढी आहे, आणि कुणाची कितवी फेरी झाली ते लिहिलेली वही आहे. एक कडी तुटली की संपलं. बॉम्ब दवाखान्यावरच पडायला पाहिजे असं नाही. वाटेतल्या पुलावर पडला तरी काम होतं.

सूतगिरणीत रिंग खात्यात धागा तुटला की तो लगेच सांधायचा असतो. क्षणाचं काम. नाही सांधला तर कापूस रोलरला गुंडाळत जातो, आणि मग सुरी घेऊन तो कापून काढावा लागतो. लवकर आणि उशिरा यातला फरक मला यंत्रानं शिकवला. माणसांच्या बाबतीत तो मोजून दाखवला आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यानं, ज्याचं नाव आता धाराशिव आहे. तिथं २००० सालाच्या सुमारास ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला. एका गटातल्या सुमारे ३४ हजार बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, आणि जिच्यात दोष सापडला तिच्यावर उपचार झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या सुमारे ३१ हजार बायकांची अशी तपासणी केली नाही. पहिल्या गटात या रोगानं ३४ बायका मेल्या, दुसऱ्या गटात ६४. हे २००९ साली छापून आलं. एका तपासणीनं मरण जवळजवळ अर्ध्यावर! (तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना नुसतं मोजत का ठेवलं, असा आक्षेप २०१४ साली घेतला गेला. माझ्या मते तो रास्त आहे. मोजणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. त्याकडे पुढे येतोच.)

आता मला सांगा, त्या तपासणीनं वाचलेल्या बायका कोण? त्यांची नावं काढता येतील? नाही येणार. त्यातल्या एकीलाही ठाऊक नाही की तपासणी झाली नसती तर आज आपण नसतो. तेच उलटं करून बघा. जिथं युद्धानं तपासणी बंद पाडली तिथं नेमकी कोणती बाई त्यामुळं मेली, हे बोट दाखवून सांगता येत नाही. आकडा खरा असतो, पण त्याला नाव नसतं. मारणारे नेमके या फटीत लपतात.

गाझा पट्टीत कर्करोगासाठी म्हणून एकच खास रुग्णालय होतं, तुर्कस्तानच्या मदतीनं उभं राहिलेलं तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय. हल्ल्यांनी इमारत आधीच खिळखिळी झालेली, त्यात इंधन संपलं, आणि १ नोव्हेंबर २०२३ ला ते बंद पडलं. तेव्हा गाझात कर्करोगाचे सुमारे १० हजार रुग्ण होते. २१ मार्च २०२५ ला इस्रायली फौजेनं ती रिकामी इमारतही स्फोट करून पाडली. पण ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून गाझात किरणोपचार नव्हता. किरणं घ्यायला पूर्व जेरुसलेमला जायचं, आणि त्यासाठी इस्रायलचा परवाना लागायचा. २०१७ साली उपचारासाठी बाहेर जायचे जे अर्ज झाले त्यातले ५४ टक्के मंजूर झाले. बाकीच्यांना नकार, नाहीतर वेळेत उत्तरच नाही. 'उत्तरच नाही' हा नकाराचा सगळ्यात सभ्य प्रकार. कचेरीत चपला झिजवलेल्या माणसाला तो समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपला दाखला सहा महिन्यांनी मिळाला तरी चालवून घेता येतो. गाठीला सहा महिने म्हणजे फुप्फुसापर्यंतचा प्रवास.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. खार्टूम आणि वद मदनी ही तिथली कर्करोगाची दोन मोठी केंद्रं. खार्टूमचं बंद पडलं तसे रोगी वद मदनीला धावले. डिसेंबर २०२३ मध्ये वद मदनीही पडलं. अर्ध्यावरचा उपचार घेऊन माणूस किती वेळा पळणार?

युक्रेनची राजधानी कीव, तिथलं ओखमातदित हे लहान मुलांचं मोठं रुग्णालय. ८ जुलै २०२४ ला रशियाच्या क्षेपणास्त्रानं ते फोडलं. केस गेलेली, हाताला सलाईन लावलेली पोरं बाहेर रस्त्यावर आणून बसवली होती. युक्रेनच्या शेकडो कर्करोगी मुलांना २०२२ पासून युरोपातल्या देशांनी उचलून आपापल्या दवाखान्यांत नेलं. चांगलं केलं. माझ्या पोटात दुखत नाही. उलट, मनात आलं तर हे करता येतं, हे त्यातनं सिद्ध झालं. मग ७ मे २०२४ ला रफाहचा दरवाजा बंद झाल्यावर गाझाच्या लेकरांसाठी तेच हात तेवढ्याच चपळाईनं का हलले नाहीत? कुठल्या लेकराची गाठ निकडीची, हे कोण ठरवतं? आपल्याला याचं उत्तर माहीत आहे. माणसाची किंमत जन्मावरून ठरवायची विद्या काही एकट्या मनूनं लिहून ठेवलेली नाही.

बॉम्ब न टाकताही हे करता येतं. ऑगस्ट १९९० पासून २००३ पर्यंत इराकवर आर्थिक निर्बंध होते. कागदावर औषधांना मुभा. पण कर्करोगाची औषधं, किरणोपचाराची यंत्रं, वेदना कमी करणारी औषधं यांची मागणी निर्बंध समितीत अमेरिका आणि ब्रिटनचे सल्लागार अडवून धरतात, असं १९९९ साली एका ब्रिटिश कर्करोगतज्ज्ञानंच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. कारण काय, तर म्हणे यातनं हत्यारं बनवतील. कळ थांबवायच्या औषधातनं हत्यार! आपल्या आज्या सांगायच्या तशीच ही रीत आहे. विहीर बंद केली असं कुणी म्हणत नाही, फक्त विहिरीला हात लावू देत नाहीत.

आता मोजण्याकडे येतो. युद्धानंतरच्या कर्करोगाची जगातली सगळ्यात चोख मोजणी झाली हिरोशिमा आणि नागासाकीत. ऑगस्ट १९४५ मध्ये बॉम्ब पडले. १९४७ साली अमेरिकेनं तिथं अणुबॉम्बग्रस्तांचा अभ्यास करणारा आयोग बसवला. १९५० च्या जनगणनेतून वाचलेली माणसं शोधली, आणि पुढे सुमारे १,२०,००० माणसांचा जन्मभराचा हिशेब मांडला. त्यातून कळलं की रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांत वाढायला लागला आणि सहा ते आठ वर्षांनी कळसाला पोचला. सदाको सासाकी ही पोर बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. दिसायला धडधाकट होती. १९५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेली. छाती, पोट, फुप्फुस यांचे कर्करोग दहाएक वर्षांनी दिसू लागले आणि पुढे दशकामागून दशकं येत राहिले.

या आयोगानं लोकांना बोलावून घेतलं. रक्त घेतलं, कपडे उतरवून तपासलं, मेल्यावर चिरफाड करायला घरच्यांकडे प्रेत मागितलं. औषध दिलं नाही. चुकून राहिलं असं नाही, ते धोरणच होतं. तपासायचं, उपचार करायचे नाहीत. आणि हिशेबाची वही उघडली ती १९५० साली. मधल्या पाच वर्षांत जे मेले ते त्या वहीत नाहीतच. जगातली सगळ्यात चोख वही, तीसुद्धा अशी.

तरीही त्या वहीतला एक आकडा मला झोपू देत नाही. १९५८ ते १९९८ या काळात त्या लोकांमध्ये १७,४४८ गाठीचे कर्करोग नोंदले गेले. त्यातले सुमारे ८५० बॉम्बच्या किरणांमुळं झाले असा हिशेब निघतो. बाकीचे तसेही झाले असते. पण ते ८५० कोणते? कुणालाच सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बॉम्बचा कर्करोग आणि म्हातारपणाचा कर्करोग सारखाच दिसतो. गाठीवर शिक्का नसतो. म्हणजे सुमारे ८५० माणसांना बॉम्बनं कर्करोग दिला हे पक्कं, आणि त्यातल्या एकाच्याही नातेवाइकाला 'आमच्या माणसाला बॉम्बनं मारलं' हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही, हेही तितकंच पक्कं. हे विज्ञानाचं अपुरेपण नव्हे. या मरणाचा स्वभावच तो आहे. मग ज्याच्याकडे असूच शकत नाही तो पुरावा त्याच्याकडे मागणं, याला न्याय म्हणायचं की थट्टा?

हिरोशिमात फुकुशिमा-चो नावाची वस्ती होती. बुराकू लोकांची. बुराकू म्हणजे जपानमधले आपले भाऊबंद, चामड्याची आणि कत्तलखान्याची कामं माथी मारलेले. आणि बॉम्बमधून वाचलेल्या सगळ्यांशीच पुढे लोक सोयरीक करायला भिऊ लागले, कामावर ठेवायला कचरू लागले. म्हणजे बुराकू माणसाला आधीचा विटाळ होताच, वर हा नवा विटाळ. दुसरे कोरियन. जपाननं गुलाम केलेल्या देशातून आलेले, आणलेले हजारो कोरियन त्या शहरात होते. १९५७ साली जपाननं बॉम्बग्रस्तांच्या उपचारासाठी कायदा केला, आरोग्याचं पुस्तक दिलं. पण कोरियात परतलेल्यांना ते कसं मिळणार? सोन जिन-दू हा बॉम्बग्रस्त कोरियन माणूस उपचारासाठी १९७० साली चोरून जपानमध्ये आला. पकडला गेला. तिथून तो कोर्टात लढला, आणि १९७८ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचा हक्क मान्य केला. एका पुस्तकासाठी आठ वर्षं. मला या माणसाबद्दल फार वाटतं. त्यानं दया मागितली नाही. तुमच्या वहीत माझं नाव लिहा म्हणाला.

आता पुराव्याचं राजकारण बघा. व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ अमेरिकेच्या विमानांनी जंगलांवर आणि शेतांवर एजंट ऑरेंज नावाचं विष फवारलं. त्यात डायॉक्सिन होतं, कर्करोग करणारं. अमेरिकन सैनिक आजारी पडले, भांडले. १९८४ साली रसायन कंपन्यांनी त्यांच्याशी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. १९९१ साली कायदा झाला, की व्हिएतनाममध्ये नोकरी केलेल्या सैनिकाला ठरावीक कर्करोग झाला तर तो त्या विषामुळंच झाला असं गृहीत धरायचं. त्याला वेगळा पुरावा नको. आणि ज्यांच्या शेतावर ते पडलं ते व्हिएतनामी? ते २००४ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. २००५ साली दावा फेटाळला. आंतरराष्ट्रीय कायदा मोडलेला नाही, आणि तुम्ही सांगता त्या हकिगतींनी कार्यकारण सिद्ध होत नाही. २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऐकायलाच नकार दिला. पुन्हा २०२२ साली तसाच कायदा झाला. इराक-अफगाणिस्तानात लष्करी तळांवर खड्ड्यांत कचरा जाळायचे, त्या धुरात राहिलेल्या अमेरिकन सैनिकाला कर्करोग झाला तर गृहीत धरायचं. तळाच्या कुंपणाबाहेर इराकी माणूस राहत होता. धुराला कुंपण कळत नाही. कायद्याला कळतं.

एकच विष, एकच धूर. एकाचा रोग गृहीत धरला जातो, दुसऱ्याला सांगतात पुरावा आण. आणि पुरावा म्हणजे काय, तर जुने तपासणीचे कागद, प्रयोगशाळेतला तो मेणातला तुकडा, रुग्णालयाची वही. जे जळालंय तेच. ज्यानं जाळलं तोच विचारतो, कागद कुठाय?

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. जातीचा दाखला काढायला गेलं की १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणतात. गिरणीत तेच. कापसाच्या तुसानं छाती भरते, बिसिनोसिस म्हणतात त्याला, नुकसानभरपाईच्या कायद्यात हा धंद्याचा रोग म्हणून लिहिलेला आहे. कार्डिंग खात्यात जन्म घालवलेले एक काका खोकून खोकून घरी बसले, तर पहिला प्रश्न आला, "विडी ओढत होता का?" ओढत होते. झालं, संपला रोग. शिक्षा त्याला, आणि आरोपही त्याच्यावरच.

काही शिकलेली माणसं सांगतात, युद्धाचं फक्त वाईटच बघू नका, कर्करोगाचं पहिलं औषध युद्धातच सापडलं. खरं आहे. मस्टर्ड वायूच्या जातभाईवर संशोधन चाललं होतं, आणि त्यातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका रोग्याला दिलं, गाठी वितळल्या. पण पुढचं सांगत नाहीत. लष्करी गुपित म्हणून ते १९४६ पर्यंत जगापासून लपवून ठेवलं. तोवर जे मेले ते कुणाच्या खात्यावर? आणि विषावर संशोधन करायला पैसा निघतो, औषधावर करायला का निघत नाही, हे त्यांनी आधी सांगावं.

आपल्या घरात कर्करोग झाला की म्हातारी माणसं म्हणतात, मागच्या जन्माचं काहीतरी असेल. मागच्या जन्मीचं कारण आणि या जन्मीचं फळ, मध्ये कुणी दिसत नाही, कुणाला जाब विचारता येत नाही. ही सोय ज्यांनी शोधली त्यांची अक्कल मानावी लागेल. उशिरा येणारं मरण जगभर असंच खपवलं जातं. कारण इथंच असतं, याच जन्मातलं असतं, त्याला तारीख असते, विमानाचा नंबर असतो, परवाना नाकारणाऱ्याची सही असते. फक्त मध्ये दहा-वीस वर्षं गेलेली असतात. बाबासाहेबांनी आपल्याला मागच्या जन्मातून सोडवलं ते कशासाठी? कारण शोधायची सवय लागावी म्हणून, असं मी समजतो.

म्हणून युद्धाविरुद्धच्या मोर्चात आपण जाऊ तेव्हा 'युद्ध थांबवा' एवढ्यावर मी समाधानी नाही. तह होईल तेव्हा त्यात लिहून घ्या, की या मुलखात पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ज्याला कर्करोग होईल, ज्याची गाठ उशिरा सापडेल, त्याचा उपचार युद्ध करणाऱ्यानं करायचा. त्याचा रोग गृहीत धरायचा. नाही म्हणायचं असेल तर पुरावा त्यांनी आणावा, की आमच्या बॉम्बचा, आमच्या नाकेबंदीचा याच्याशी संबंध नाही. गाझा असो, खार्टूम असो, कीव असो. हे होणार नाही, असं कुणी म्हणेल. अमेरिकेनं स्वतःच्या सैनिकांसाठी केलंच आहे की!

जपानमध्ये बॉम्बनंतर काळा पाऊस पडला होता, किरणांनी भरलेली राख घेऊन. सरकारनं नकाशावर रेघ मारली, रेघेच्या आत पाऊस पडला, बाहेर नाही. हिरोशिमाचे ८४ लोक रेघेबाहेरचे होते, ते भांडत राहिले. १४ जुलै २०२१ ला वरच्या कोर्टानं त्यांना बॉम्बग्रस्त मानलं. ७६ वर्षांनी. नागासाकीचेही ४४ जण भांडत होते. ९ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या कोर्टानं त्यातल्या १५ जणांना मानलं. उरलेल्या २९ जणांना सांगितलं, तुमच्या गावावर तो पाऊस पडल्याचा पुरावा नाही.